काढलेलं फेकायचं नाही

मायक्रोस्कोपच्या दोन्ही नळ्यांवर डोळे टेकवायला काळ्या रबराच्या वाट्या असतात. संध्याकाळी लॅब बंद करताना त्या पुसून ठेवणं हे माझं काम. आत्याच्या वाट्यांवर अधूनमधून पापणीचा एखादा केस चिकटलेला सापडतो. दिवसभर डोळे टेकवून बसणाऱ्या बाईचा केस पडणारच, त्यात नवल नाही. नवल हे होतं, की गेले काही आठवडे डावी वाटी स्वच्छ असायची आणि उजवीवर रोज दोन-तीन केस. म्हातारपण आलं तर दोन्ही डोळ्यांना एकदम येतं. एकाला आधी गाठून दुसऱ्याला सोडत नाही.

मी तसं आत्याला म्हटलं.

"माझे केस मोजतेस?" ती म्हणाली. "दुसरं काम उरलं नाही वाटतं."

"उजव्याच डोळ्याचे पडतायत."

"उजवाच काम करतो. डावा तुझ्या बापासारखा, नुसता सोबतीला आहे."

एवढं बोलून ती पुन्हा स्लाइडकडे वळली. पण थोड्या वेळाने हात धुवायला म्हणून उठली आणि बेसिनवरच्या आरशासमोर बराच वेळ उभी राहिली. नळ तिने सोडलाच नाही.

आमच्या घराची मांडणी अशी आहे, की वर राहायची जागा, खाली एक अरुंद पॅसेज, त्याच्या एका बाजूला बाबांचा डोळ्यांचा दवाखाना आणि दुसऱ्या बाजूला आमची लॅब. मी बायोकेमिस्ट, त्यामुळे माणसाच्या अंगातून आपणहून वाहणारं सगळं माझ्याकडे येतं. कापून काढावं लागणारं आत्याकडे जातं. आत्या पॅथॉलॉजिस्ट, बाबांची थोरली बहीण. सत्तरीला टेकली आहे. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलंच, तर सांगते, "स्थळं आली होती. सॅम्पल अपुरं होतं."

तिचा एक नियम शहरातल्या झाडून सगळ्या सर्जनांना पाठ आहे. अंगातून काढलेलं फेकायचं नाही. मस असो, गाठ असो, तिळाएवढा तुकडा असो, बरणीत घालायचा आणि तपासायला पाठवायचा. एक मोठा नावाजलेला सर्जन एकदा फोनवर म्हणाला, "मॅडम, साधी चरबीची गाठ होती, टाकून दिली." आत्याने विचारलं, "टाकून दिलीत ते समजलं. साधी होती हे कोणी सांगितलं, कचऱ्याच्या डब्याने?" त्या गृहस्थांनी म्हणे हातमोजे चढवून डबा उपसला. बाबा ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हातवारे करून सांगायचे.

याच बाबांनी गेल्या वर्षभरात आत्याच्या उजव्या वरच्या पापणीतली गाठ दोनदा खरवडून काढली होती. पापणीच्या कडेला तेल सोडणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. एखादी तुंबते, वाटाण्याएवढी गाठ येते, डोळ्याचा डॉक्टर पापणी उलटी करून ती खरवडतो. बाबांकडे अशा रोज दोन-तीन होतात. दोन पेशंटांच्या मधल्या फटीत, जेवायच्या आधी, त्यांनी आत्याची उरकली. सख्खी बहीण, सख्खा भाऊ. तिथे कसला केसपेपर आणि कसली बरणी! खरवडलेलं बेसिनमध्ये गेलं. आत्या डोळ्यावर बोळा धरून वर आली, पानावर बसली आणि भाजी अळणी झाली आहे म्हणाली.

तुकडा कुठे आहे, हे तिने विचारलं नाही. सगळ्या शहराला विचारून झालं होतं, घरात विचारायचं राहिलं.

आता गाठ तिसऱ्यांदा आली होती, आणि त्या गाठीजवळचे पापणीचे केस गळत होते.

पापण्यांच्या शस्त्रक्रिया करणारा एक सर्जन आत्याचा विद्यार्थी आहे. शिकत असताना तो तपासायला इतके बारीक तुकडे पाठवायचा की आत्याने त्याचं नाव मुंगी ठेवलं. "ही बायोप्सी नाही, हा मुंगीच्या डब्यातला घास आहे." आज त्याला टक्कल पडलंय, त्याच्या दारात पेशंट ताटकळतात, पण आत्यासाठी तो मुंगीच. आम्ही दोघी बाबांना "केमिकलवाल्याकडे जाऊन येतो" असं सांगून त्याच्याकडे गेलो.

मुंगीने पापणी उलटी केली, दिवा जवळ घेतला आणि कड पुन्हा एकदा तपासली.

"मॅडम, आधी कोणी खरवडलंय का?"

"खरवडलंय. दोनदा. एका मूर्खाने."

"मग तपासणीचा रिपोर्ट असेल."

"नाही. म्हणजे मूर्ख दोन झाले," आत्या म्हणाली. "दुसरी तुझ्यासमोर बसली आहे. तू आता तुकडा घे, आणि नीट घे."

त्याने तुकडा घेतला, एक टाका घातला. पापणीच्या पृष्ठभागावरून इथून-तिथून आणखी चार कण घेतले, रोग किती पसरलाय ते कळायला. स्लाइड दुसरीकडे पाठवूया असं मी सुचवलं. आत्या म्हणाली, "आधी मी बघणार. हॉटेलवाला स्वतःच्या हॉटेलात जेवत नाही तेव्हा लोकांना शंका येते."

आमचा मायक्रोस्कोप शिकवायचा आहे, त्याला दोन डोकी आहेत. एका बाजूने ती बघते, दुसऱ्या बाजूने मी. तिने स्लाइड सरकवली, आतला हिरवा बाण एका ठिकाणी नेऊन थांबवला.

"काय दिसतं?"

"फेसाळ पेशी. गढूळ पाण्यात साबण ढवळल्यासारख्या."

"बरं बोललीस. आता वरच्या थरात बघ. या एकेकट्या. आमंत्रण नसताना आल्यात आणि एका जागी बसायचं सोडून पाहुण्यांत मिसळून बसल्यात. या असल्या भामट्या सापडत नाहीत म्हणून हा रोग साध्या गाठीच्या नावावर खपतो." मग नेहमीच्या आवाजात, प्रत्येक पेशंटच्या वेळी काढते त्याच आवाजात, तिने मला लिहायला सांगितलं. पापणीच्या तेलग्रंथीचा कॅन्सर. दुर्मिळ प्रकार. डोळ्याच्या गोळ्याकडे अजून गेलेला नाही, पापणीत बऱ्यापैकी पसरलेला. सांगून झाल्यावर सवयीने विचारलं, "पेशंट कोण?"

मी पेन खाली ठेवलं.

"हो, खरंच की," आत्या म्हणाली आणि खुर्ची मागे सरकवली.

स्लाइड मग आणखी दोघांकडे गेल्या. दोघांनीही तेच कळवलं. "तीन पॅथॉलॉजिस्टांचं एकमत!" आत्या म्हणाली. "आता शंकेला जागाच नाही. आमचं चहात साखर किती यावर एकमत होत नाही."

मुंगीने बेत समजावून सांगितला. वरची पापणी जवळजवळ पूर्ण काढायची. एका वेळी नाही, टप्प्याटप्प्याने. काढलेल्या तुकड्याच्या चारी कडा वेगवेगळ्या रंगांच्या शाईने रंगवायच्या, तपासायला पाठवायच्या, तोवर जखम तशीच झाकून ठेवायची. ज्या रंगाच्या कडेला रोग सापडेल त्या बाजूने पुन्हा कापायचं. सगळ्या कडा स्वच्छ आल्या की खालच्या पापणीचा भाग वर ओढून नवी पापणी करायची. त्यासाठी डोळा काही आठवडे शिवून बंद राहणार. नव्या पापणीला केस येणार नाहीत.

"आणि थांबलो तर?" मी विचारलं.

"तर खोबणीत शिरेल," मुंगी म्हणाला. "मग मला पापणी नाही, डोळाच काढावा लागेल. सगळा, मागच्या चरबीसकट. मॅडम, मला ते करायला लावू नका."

आत्याने तारीख घेतली. आदल्या दिवशी रद्द केली. दुसरी घेतली, तीही रद्द केली. पहिल्या वेळी सर्दी होती, दुसऱ्या वेळी कुणाचे तरी महत्त्वाचे नमुने यायचे होते. मी चिडले, तेव्हा तिने खरं कारण सांगितलं, किंवा खऱ्याच्या जवळचं.

"पापणी शिवून घरात फिरले तर छोट्याला कळेल." छोट्या म्हणजे बाबा. वय बासष्ट. "त्याने कॅन्सर दोनदा बेसिनमध्ये सोडला हे त्याला कळलं, तर उद्यापासून साध्या गाठीला हात लावताना त्याचे हात कापतील. भ्यालेला डोळ्याचा डॉक्टर काय कामाचा?"

"म्हणून तू डोळा घालवणार?"

"तू बोलायचं नाहीस. पेशंटची माहिती बाहेर जात नाही. तुझं नातं वरच्या मजल्यावर. खाली तू कामाला आहेस."

मी गप्प बसले, आणि मुंगीचे फोन वाढले. तिला करून दमला की तो मला करायचा. एकदा म्हणाला, "तुम्ही तरी त्यांना घाबरवा." मी म्हटलं, "तुम्ही कधी घाबरवलंयत?" तो म्हणाला, "मी अजून त्यांच्यासमोर खुर्चीत टेकून बसत नाही."

वर जेवताना बाबा रोज त्या पापणीकडे बघायचे. आत्या हल्ली त्यांच्या डावीकडे न बसता उजवीकडे बसायची, म्हणजे तिचा तो डोळा पलीकडे जायचा. बाबा मान पुढे काढून बघायचे.

"ताई, पुन्हा आली गं ती. ये खाली, दहा मिनिटांचं काम."

"जेवू दे."

"चिवट आहे गाठ. तुझ्यासारखी."

"आणि तू तिला समजून न घेता ओरबाडतोस. सगळ्या पुरुषांसारखा."

बाबा खो खो हसले. मी पाण्याचा पेला तोंडाला लावून बसले.

मग एका दुपारी बाबा कपाळावर दिवा बांधून थेट लॅबच्या दारात उभे राहिले.

"पेशंट संपले. चिमटा, चमचा सगळं निर्जंतुक करून ठेवलंय. ऊठ, ताई. आज नाही ऐकणार."

आत्याने माझ्याकडे बघितलं. नाही म्हणायला कारण लागलं असतं, आणि तिची कारणं मुंगीवर संपली होती. ती उठली. मला वाटतं, तिचा हिशेब असा होता, की बाबा वरवर बघतील, सूज आहे म्हणतील आणि सोडून देतील. मी मागोमाग गेले. पुन्हा खरवडलं तर रोग खाली ढकलला जाऊ शकतो, हे आम्हा दोघींना माहीत होतं. चिमटा पापणीला लागला की तोंड उघडायचं, मग आत्याने मला लॅबमधून काढलं तरी चालेल, असं मी पॅसेज ओलांडता ओलांडता ठरवलं.

बाबा काम करताना गुणगुणतात. सूर कधीच लागत नाही, पेशंटला भूल लवकर लागावी असं वाटतं. आत्याची हनुवटी त्यांनी यंत्रावर टेकवली, प्रकाशाची फीत डोळ्यावर सोडली, अंगठ्याने पापणी उलटी केली. एका हातात चिमटा तयार होता.

गुणगुणणं थांबलं.

"हा टाक्याचा वण कोणाचा?"

आपण शिवलेल्या सदऱ्यावर शिंप्याला दुसऱ्याच कोणाची शिवण दिसावी, तसा त्यांचा आवाज होता.

"मुंगीचा," आत्या म्हणाली. हनुवटी यंत्रावर असल्यामुळे दात न उघडता.

बाबांनी चिमटा ट्रेमध्ये ठेवला. पुन्हा बघितलं. पिवळट कडा बघितली, गेलेले केस बघितले. बाबा आळशी आहेत, मूर्ख नाहीत. त्यांनी दिवा बंद केला आणि पेशंटच्या नातेवाइकांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसले.

"तेलग्रंथीचा?"

"हो."

"तू वाचलंस?"

"मी आणि आणखी दोघांनी."

"कधी?"

मी म्हटलं, "दोन महिने झाले. ऑपरेशनची तारीख दोनदा रद्द केली तिने."

"चहाडखोर," आत्या म्हणाली, पण जोर नव्हता.

बाबा उठून बेसिनपाशी गेले. खालच्या जाळीकडे बघत उभे राहिले, जणू दोन्ही तुकडे अजून तिथेच अडकलेले असतील.

"उपसू नकोस," आत्या म्हणाली. "त्या सर्जनकडे निदान डबा होता."

बाबांच्या नाकातून हसल्यासारखा आवाज आला आणि मग हसू नव्हतं. त्यांनी चष्मा काढून कोटाला पुसला. डोळ्यांच्या डॉक्टरने चष्मा कोटाला पुसू नये हे ते प्रत्येक पेशंटला सांगतात.

"मी दवाखाना बंद करतो, ताई."

"कर. आणि जेवणार काय, पश्चात्ताप?"

"चेष्टा पुरे. मी फेकलं. दोनदा."

"तू फेकलंस आणि मी विचारलं नाही. अख्ख्या गावाला शिकवलं आणि स्वतःच्या पापणीच्या वेळी भाजीत मीठ शोधत बसले. वाटणी समान आहे, तू एकट्याने घेऊ नकोस. लहानपणापासून हावरट आहेस."

"मग थांबलीस कशाला?"

"तुझ्यासाठी. तुला कळलं असतं तर असंच बेसिनकडे तोंड करून उभा राहिला असतास. राहिलासच."

बाबा वळले. मी त्यांना आत्याशी कधीच वरच्या आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं, तेव्हाही ते हळूच बोलले.

"खोटं बोलू नकोस. लहानपणी मी फोडलेल्या काचा तू स्वतःच्या नावावर घ्यायचीस तेव्हा तुला मजा यायची. मला ओळखू यायची ती मजा. आता तुला मजा येत नाहीये. तू घाबरली आहेस आणि माझ्या मागे लपली आहेस."

आत्याने यंत्रावरून हनुवटी उचलली.

"घाबरले," ती म्हणाली. "झालं समाधान? त्या उजव्या डोळ्याने मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, हा जगेल, हिचा पाय काढा, याला घरी पाठवा. तो शिवून ठेवला की खाली माझं काय काम? वरच्या मजल्यावरची म्हातारी होईन."

"ती तू आत्ताही आहेस."

"छोट्या!"

"बस सरळ."

बाबांनी तिच्या कानापुढे बोटं दाबली, मग जबड्याखाली, मानेवर. "इथे गाठ नाही, म्हणजे बाहेर पसरलेलं नाही. दोन महिन्यांनंतरही नाही. नशीब तुझ्यापेक्षा शहाणं आहे." मग तिच्या उजव्या डोळ्यावर काळी पट्टी धरली आणि समोरच्या अक्षरांच्या तक्त्यावर दिवा लावला. "वाच."

"तक्ता मला पाठ आहे. मीच टांगला होता."

बाबांनी तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला वेगळी अक्षरं होती. आत्या कुरकुरत वाचायला लागली. वरची मोठी ओळ, मग खालची, मग त्याखालची. शेवटच्या ओळीत मी नेहमी अडखळते. ती अडखळली नाही. त्याच्याही खाली, कोपऱ्यात, छापखान्याचं नाव होतं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तेही तिने वाचलं आणि त्यातली छपाईची चूक दाखवली.

"झालं?" बाबा म्हणाले. त्यांनी काळी पट्टी काढली. "हा डोळा चांगला आहे. तू त्याला कधी विचारलंच नाहीस. उजव्याला काही आठवड्यांची सुट्टी दे, तोवर हा बघेल. फक्त स्वतःच्या स्लाइड वाचायच्या नाहीत. त्या दुसऱ्याकडे."

आत्याने माझ्याकडे बघितलं. डाव्या डोळ्याबद्दल ती मला काय म्हणाली होती, ते बाबांना माहीत नव्हतं. मी छताकडे बघितलं.

"सोबतीचा डोळा," ती पुटपुटली.

"काय?"

"काही नाही. तुझी तारीफ करतेय, सवय नाही म्हणून ऐकू आलं नसेल." तिने पापणीला बोट लावलं, केस नव्हते तिथे, आणि लगेच काढून घेतलं. "मुंगी कापेल तेव्हा तू आत यायचंस."

"मी? आत येऊन काय करू?"

"बरणी धरायची. प्रत्येक तुकडा तुझ्या हाताने बरणीत. तपासणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत मध्ये कोणाकडे द्यायची नाही आणि जेवायला थांबायचं नाही."

बाबांनी मान हलवली. आत्याने माझ्यापुढे हात केला. मी मुंगीला फोन लावून तिच्या हातात दिला. त्याने बहुधा नवं कारण ऐकायची तयारी केली असावी, कारण पलीकडून "बोला मॅडम" अगदी थकलेलं आलं.

"मंगळवारी सकाळी येते," आत्या म्हणाली. "पापणी काढ, अख्खी. आणि हे बघ, या वेळी मुंगीचा घास घेऊ नकोस. पोटभर घे."